अंतराळ मुंबईपेक्षा जवळ आहे, मग तिथे पोहोचणं एवढं अवघड का?

जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघाले, तेव्हा नाशिकमध्ये एक प्रश्न बराच ऐकू आला. स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटर उंचीवर आहे. आपल्याकडून कोल्हापूर त्याहून थोडं लांबच पडतं, आणि रात्रीच्या एसटीत बसलेला माणूस सकाळी अंबाबाईच्या दर्शनरांगेत उभा असतो. मग एवढ्या ताकदवान रॉकेटवर बसलेल्या माणसाला ४०० किलोमीटरसाठी २८ तास का लागावेत?

काही ठिकाणी विचारणाऱ्याला हसून गप्प केलं गेलं. ते मला पटलं नाही. प्रश्न थेट मुळाला हात घालणारा आहे. त्याचं उत्तर नीट कळलं, तर चांद्रयानाला ४० दिवस का लागले, मंगळाच्या मोहिमा ठरावीक महिन्यांतच का निघतात, कल्पना चावला परत का येऊ शकली नाही आणि पडद्यावरची यानं जे सहज करतात ते खऱ्या यानाला का जमत नाही, हे सगळं एकाच धाग्याने उलगडत जातं.

## उंची स्वस्त, वेग महाग

अंतराळ नेमकं कुठे सुरू होतं यावर सगळ्यांचं एकमत नाही, पण १०० किलोमीटरची रेषा बहुतेक ठिकाणी मानली जाते. तिला कारमान रेषा म्हणतात. नाशिक-मुंबई अंतर १७० किलोमीटरच्या आसपास आहे. आपला महामार्ग सरळ वर गेला असता, तर शहापूर मागे टाकल्यावर थोड्याच वेळात आपण अंतराळात असतो.

आणि नुसतं तिथवर जाणं खरोखरच फार अवघड राहिलेलं नाही. ब्लू ओरिजिन या कंपनीच्या छोट्या रॉकेटने हौशी प्रवासी १०० किलोमीटरच्या वर जाऊन आले आहेत. सगळी फेरी दहा-अकरा मिनिटांची. वर गेले, क्षणभर तरंगले, खाली आले. खाली आले, कारण वर थांबण्यासाठी जे लागतं ते त्यांच्याकडे नव्हतं. ते म्हणजे आडवा वेग.

स्थानक दर सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर धावतं. ताशी साडेसत्तावीस हजार किलोमीटरच्या वर. नाशिक रोड स्टेशनहून निघालेली वस्तू एका सेकंदात द्वारका ओलांडून पंचवटीकडे सरकलेली असेल, आणि २२ सेकंदांत मुंबईत.

आता हिशेब पाहा. एक किलो वजनाची वस्तू नुसती ४०० किलोमीटर वर उचलायला सुमारे ३७ लाख ज्यूल ऊर्जा लागते. त्याच वस्तूला स्थानकाचा वेग द्यायला लागते सुमारे २ कोटी ९० लाख ज्यूल. म्हणजे एकूण कष्टाचे नऊ भाग केले, तर उंचीला एक आणि वेगाला आठ. त्या वेगाने धावणाऱ्या प्रत्येक किलोत सात किलो टीएनटी स्फोटकाइतकी ऊर्जा साठलेली असते.

ओझरच्या एचएएलमध्ये बांधलेली सुखोई विमानं आकाशात घुमली की नाशिककर अजूनही मान वर करून पाहतात. सुखोई-३०चा कमाल वेग ताशी २,१०० किलोमीटरच्या आसपास. स्थानकाच्या वेगाचा जेमतेम तेरावा भाग. पण वेग तेरापट करायचा तर ऊर्जा तेरापट लागत नाही, तेरा गुणिले तेरा, म्हणजे सुमारे १७०पट लागते. शिवाय जेट इंजिन हवेतला ऑक्सिजन ओढून घेऊन चालतं. वर हवाच नसल्यावर ते गुदमरतं. लढाऊ विमानच आणखी थोडं वर का नेत नाहीत, याचं उत्तर या दोन गोष्टींत आहे.

## साल्हेरवर तोफ ठेवली तर

आडवा वेग एवढा महत्त्वाचा का, हे न्यूटनने सतराव्या शतकात एका काल्पनिक तोफेच्या आधारे समजावलं होतं. आपण ती तोफ बागलाणात नेऊ. साल्हेर हा आपल्या जिल्ह्यातला १,५६७ मीटर उंचीचा किल्ला. त्याच्या माथ्यावरून तोफ आडवी डागायची. हवेचा अडथळा नाही आणि वाटेत दुसरा डोंगर नाही, असं धरून चाला.

साधा गोळा काही किलोमीटरवर पडेल. बार वाढवला तर गुजरातेत पडेल, आणखी वाढवला तर अरबी समुद्रात. प्रत्येक गोळा पहिल्या सेकंदात सुमारे ५ मीटर खाली येतो. वेग कितीही असो, यात फरक पडत नाही. पण पृथ्वी गोल आहे. दर ८ किलोमीटरला तिचा पृष्ठभागही साधारण ५ मीटर खाली वळतो. म्हणजे गोळ्याला सेकंदाला ८ किलोमीटरचा वेग दिला, तर तो जितका खाली येईल तितकीच जमीन त्याच्याखालून दूर सरकलेली असेल. गोळा पडतच राहील, जमिनीला कधीच लागणार नाही, आणि सुमारे दीड तासाने तोफेच्या मागच्या बाजूने परत येईल.

या न संपणाऱ्या पडण्याच्या वाटेला कक्षा म्हणतात. उपग्रह, स्थानक, चंद्र, सगळे असेच पडत आहेत.

इथेच आणखी एक पक्का गैरसमज सुटतो. वर गुरुत्वाकर्षण नसतं, म्हणून अंतराळवीर तरंगतात, असं शाळेतली मुलंच काय, मोठी माणसंही सांगतात. ४०० किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के असतं. तिथे नुसता एक उंच मनोरा बांधून त्यावर उभे राहिलात, तर तुमचं वजन किंचितच कमी भरेल. शुक्ला तरंगत होते, कारण ते, त्यांचं यान, त्यांच्या हातातली पेन्सिल, सगळं एकाच वेगाने पडत होतं. पायाखालची फरशीच पायांइतक्या वेगाने खाली जात असेल, तर पाय तिच्यावर दाब देणार तरी कसे?

## गाठायचं असेल तर खाली राहा

आता त्या २८ तासांकडे येऊ. शुक्ला यांचं यान २५ जूनला दुपारी उडालं आणि पुढच्या दहा मिनिटांतच कक्षेत होतं. म्हणजे ‘अंतराळात पोहोचायला’ २८ तास लागलेच नाहीत. ते लागले स्थानकाचा पाठलाग करायला.

हा पाठलाग आपल्या रस्त्यावरच्या सगळ्या सवयींच्या उलट चालतो. पुढच्याला गाठायचं तर वेग वाढवा, हे इथे फसतं. कक्षेत वेग वाढवला की यान वर सरकतं, वाट लांब होते, आणि तुम्ही आणखी मागे पडता. जून १९६५ मध्ये जेमिनी-४ यानात जेम्स मॅकडिव्हिट यांनी स्वतःच्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला होता. सरळ त्याच्या दिशेने यान रेटलं आणि इंधन जाळूनही ते जमलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरात हिशेब नीट बसवून दोन जेमिनी यानं एकमेकांजवळ आणली गेली.

योग्य रीत अशी की मुद्दाम खालच्या कक्षेत राहायचं. २०० किलोमीटर उंचीवर एक फेरी साडेअठ्ठ्याऐंशी मिनिटांत होते, ४०० किलोमीटरवर साडेब्याण्णव मिनिटांत. प्रत्येक फेरीला चार मिनिटांची भरपाई. स्थानक अर्धी फेरी पुढे असेल, तर गाठायला अकरा-बारा फेऱ्या, म्हणजे सतरा तास. मग हळूहळू कक्षा वर उचलायची, तपासण्या करायच्या आणि शेवटचे काही मीटर अगदी सावकाश पुढे जाऊन जोडणी करायची. इस्रोने १६ जानेवारी २०२५ रोजी स्पेडेक्स मोहिमेत दोन उपग्रह असेच एकमेकांना जोडले, तेव्हा तो सोहळा का झाला, हे यावरून लक्षात यावं.

‘पण रशियाचं यान तर तीन तासांत पोहोचतं,’ असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. सोयुझ यान तेवढ्या वेळात पोहोचलेलं आहे. उड्डाणाच्या क्षणी स्थानक नेमक्या जागी असेल आणि सगळे हिशेब आधीच तंतोतंत जुळवलेले असतील, तर पाठलाग लहान होतो. नियम तोच राहतो.

## रॉकेटमध्ये जवळपास सगळं इंधनच का?

या भागाशी थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

संत निवृत्तिनाथांची पालखी आषाढीसाठी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाते. वाटेत गावोगावी पंगती असतात, पाणी असतं, मुक्कामाची सोय असते. आता समजा वाटेत एकही गाव नाही. शेत नाही, विहीर नाही. सगळा शिधा त्र्यंबकहूनच डोक्यावर घेऊन निघायचं आहे. एका वारकऱ्याला पंढरपुरात पोहोचवायचं, तर त्याचा शिधा वाहायला दोन माणसं हवीत. पण ती दोघंही जेवणार. त्यांचा शिधा वाहायला आणखी माणसं, आणि तीही जेवणार. शेवटी पंढरपुरात एकच जण पोहोचेल, पण त्र्यंबकहून निघताना शंभरांचा जथा असेल. वाट दुप्पट लांब असती, तर दोनशेत भागलं नसतं. शंभरांना शंभरने गुणावं लागलं असतं, म्हणजे दहा हजार.

रॉकेटची गत हीच आहे. वरच्या टप्प्यात जाळायचं इंधन आधी खालच्या टप्प्यातल्या इंधनाने उचलावं लागतं. कोन्स्तान्तिन त्सिओलकोव्स्की या रशियन शिक्षकाने १९०३ मध्ये हे गणित मांडलं. त्यात दोनच आकडे कळीचे आहेत. पहिला, एकूण किती वेग बदलायचा आहे. वाढवणं असो, कमी करणं असो की वळणं, सगळ्याची बेरीज. तिला आपण वेगबदल म्हणू. दुसरा, इंजिनातून वायू किती वेगाने मागे फेकला जातो. हायड्रोजन-ऑक्सिजनचं उत्तम इंजिनही हा वायू सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या आसपासच फेकतं. आणि पृथ्वीच्या कक्षेत जायला हवेचा अडथळा आणि गुरुत्वाकर्षणाची ओढ धरून साधारण ९.४ किलोमीटर प्रति सेकंद वेगबदल लागतो.

परिणाम असा: इस्रोचं एलव्हीएम-३ रॉकेट उड्डाणाच्या वेळी ६४० टनांचं असतं आणि पृथ्वीलगतच्या कक्षेत सुमारे ८ टन पोहोचवतं. शंभर किलोमागे सव्वा किलो. बाकीचं इंधन आणि ते इंधन सांभाळणाऱ्या टाक्या. शिधा संपलेल्या माणसांना जथ्यातून वजा करावं, तसे रॉकेटचे रिकामे टप्पे वाटेतच सोडले जातात. ते सोडले नाहीत, तर रिकामी टाकी वाहण्यातच उरलेलं इंधन खर्ची पडेल.

काही कंपन्यांनी रॉकेटचा खालचा टप्पा परत उतरवून पुन्हा वापरायला सुरुवात केली आहे. फाल्कन-९चा टप्पा पहिल्यांदा डिसेंबर २०१५ मध्ये सुखरूप उतरला. त्याने खर्च खूप घटला आणि ही मोठी गोष्ट आहे. पण पैशाचा हिशेब बदलला, वेगबदलाचा नाही. उलट उतरण्यासाठी थोडं इंधन राखून ठेवावं लागतं, म्हणून वर न्यायचा माल कमी होतो.

## चांद्रयानाचे ४० दिवस

अपोलो-११ चार दिवसांत चंद्रावर उतरलं आणि आपलं चांद्रयान-३ चाळीस दिवसांनी. यावरून इस्रोला कमी लेखणारे बरेच भेटतात. अपोलोचं सॅटर्न-५ रॉकेट सुमारे २,९०० टनांचं होतं, आपलं ६४० टनांचं. आपल्या रॉकेटने यानाला लांबट अंडाकृती कक्षेत सोडलं, आणि पुढचं काम ३,९०० किलोच्या यानाने स्वतःच्या छोट्या इंजिनावर केलं. दर फेरीत यान पृथ्वीच्या सर्वात जवळ आलं की इंजिन थोडा वेळ चालवायचं, कक्षा आणखी लांब ताणायची. जवळ असताना यानाचा वेग सर्वाधिक असतो आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे तेव्हा जाळलेलं इंधन सर्वाधिक कामी येतं. १४ जुलै २०२३ ला उड्डाण, १ ऑगस्टला चंद्राकडे झेप, २३ ऑगस्टला दक्षिण ध्रुवाजवळ उतरणं. वेळ जास्त घेतला आणि रॉकेट लहान ठेवलं. मला यात कमीपणा कुठेच दिसत नाही. हाती असलेल्या साधनांतून काढलेली ती उत्तम वाट होती.

## परतीचा ब्रेक: हवा

वर जाताना जो वेग इतक्या कष्टाने कमावला, तो परतताना घालवायचा असतो. इंजिनाने घालवायचा म्हटलं, तर जवळजवळ तेवढंच इंधन वर न्यावं लागेल, आणि ते न्यायला आणखी कितीतरी. ते अशक्यच. म्हणून यान इंजिनाने सेकंदाला शंभरेक मीटरच वेग कमी करतं, तेवढ्याने त्याची वाट वातावरणात शिरते, आणि उरलेला साडेसात किलोमीटरचा वेग हवा घालवते.

घालवते म्हणजे उष्णतेत बदलते. यानापुढची हवा बाजूला व्हायला वेळच मिळत नाही, ती दाबली जाते आणि भयंकर तापते. उष्णतारोधक कवचाला दीड हजार अंश सेल्सिअसच्या वर तापमान सोसावं लागतं. १५ जुलै २०२५ ला शुक्ला यांचं यान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरलं, ते या आगीतून येऊन.

१ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान मात्र येऊ शकलं नाही. १६ जानेवारीला उड्डाण झालं, तेव्हाच बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा निसटून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला होता आणि तिथे भोक पडलं होतं. कक्षेत असताना त्या भोकाने काही बिघडलं नाही. परतताना तापलेला वायू तिथून पंखात शिरला आणि उतरायला सुमारे सोळा मिनिटं उरली असताना यान तुटलं. कल्पना चावलासह सातही जण गेले. त्या दिवशी टीव्हीसमोर बसलेल्या अनेकांना वाटलं होतं, आता तर पोहोचलेच होते, एवढ्या जवळ येऊन हे कसं झालं? अंतराने जवळ होते, हे खरं. वेगाने मात्र ते अजून फार लांब होते.

## मंगळाचं पंचांग

मंगळ पृथ्वीच्या सर्वात जवळ येतो, तेव्हा अंतर साडेपाच कोटी किलोमीटरच्या आसपास असतं. पण ‘जवळ आहे, आता निघू’ असं करता येत नाही. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावते, मंगळ सुमारे २४. पृथ्वीवरून निघालेल्या यानाला ते ३० किलोमीटर फुकट मिळालेले असतात. त्यांच्याविरुद्ध जाऊन सरळ रेषेत मंगळ गाठणं कोणत्याही रॉकेटच्या ताकदीबाहेरचं आहे. म्हणून त्या वेगात थोडी भर घालायची आणि सूर्याभोवती मोठं वळण घेत, मंगळ जिथे काही महिन्यांनी असणार आहे तिथे पोहोचायचं. पर्सिव्हिअरन्स यान ३० जुलै २०२० ला निघालं, १८ फेब्रुवारी २०२१ ला उतरलं आणि मधल्या काळात ४७ कोटी किलोमीटर चाललं.

असा मेळ दर २६ महिन्यांनी बसतो. ग्रह ठरवतील त्या तारखेला निघायचं, ही गोष्ट नाशिककरांना वेगळी समजावून सांगायला नको. गुरू सिंह राशीत येतो तेव्हा आपल्याकडे सिंहस्थ असतो, आणि गुरूला सूर्याभोवती फिरायला ११.८६ वर्षं लागतात म्हणून तो साधारण बारा वर्षांनी येतो. मंगळाचा मुहूर्त मात्र निव्वळ इंधनाचा हिशेब आहे. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं, त्याचं १,३३७ किलोंपैकी सुमारे ८५० किलो वजन इंधनाचंच होतं. चुकीच्या महिन्यात निघालं असतं, तर तेवढं इंधन पासंगालाही पुरलं नसतं.

माणसं जातील तेव्हा प्रश्न आणखी बिकट होईल. परतीलाही असाच मेळ बसावा लागतो. सर्वात कमी इंधनाच्या वाटेने गेलात, तर मंगळावर सुमारे सव्वा वर्ष थांबावं लागतं. जाणं, थांबणं, येणं मिळून अडीच वर्षांच्या वर. मध्येच कोणाला अपेंडिक्सचा त्रास झाला, तरी निघता येत नाही. मंगळावरच्या वसाहतींच्या घोषणा ऐकताना मी आधी परतीच्या इंधनाबद्दल काय म्हटलंय ते शोधतो. बहुतेक घोषणांत तो परिच्छेद फारच छोटा असतो.

## विज्ञानकथा कुठे फसवते

मला विज्ञानकथा मनापासून आवडतात. म्हणूनच हे लिहितो आहे. पडद्यावर निर्वात पोकळीत स्फोटांचे आवाज येतात, यानं विमानासारखी तिरकी होऊन वळतात, हे मी सोडून देतो. नाटकात पडद्यामागून पाऊस वाजवतात, तसंच ते.

खरी फसवणूक इंजिनाची आहे. कथेतलं इंजिन सतत चालू असतं. खऱ्या यानाचं इंजिन मोहिमेचा जवळजवळ सगळा काळ बंद असतं. काही मिनिटं चालतं, मग यान आठवडे, महिने नुसतं वाहत जातं. इंजिन सतत चालू ठेवायचं म्हटलं तर काय होईल? यानात पृथ्वीसारखं वजन जाणवेल एवढ्या जोराने ते फक्त एक दिवस चालवलं, तर वेगबदल होतो सेकंदाला ८४७ किलोमीटर. आजच्या उत्तम रासायनिक इंधनाने एक किलो वस्तूला तेवढा वेग द्यायला किती इंधन लागेल? त्सिओलकोव्स्कीचं गणित सांगतं, एकावर एक्याऐंशी शून्यं देऊन जो आकडा होईल, त्याहूनही जास्त किलो. दृश्य विश्वातले सगळे तारे आणि सगळा वायू गोळा केला, तरी तेवढं वस्तुमान भरत नाही. पंढरपूरची वाट दुप्पट केली की जथा शंभरपट होतो, तो नियम इथे शेवटाला गेला आहे.

‘माणूस उडेल असंही कोणाला वाटलं नव्हतं, उद्या नवं इंजिन निघेल,’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. त्यात तथ्य आहे. उड्डाण अशक्य आहे असं कुठला निसर्गनियम म्हणत नव्हता, पक्षी डोळ्यांसमोर उडत होते. नवी इंजिनंही आहेत. विद्युतभारित कण फेकणारं आयन इंजिन वायू सेकंदाला ३० किलोमीटरने मागे टाकतं. डॉन नावाचं यान त्याच्याच जोरावर २०११ मध्ये वेस्टा आणि २०१५ मध्ये सिरीस या लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या दोन गोलांपाशी पोहोचलं. पण त्या इंजिनाचा रेटा तळहातावर ठेवलेल्या कागदाच्या वजनाएवढा, त्याने जमिनीवरून काहीच उचलत नाही. अणुभट्टीत हायड्रोजन तापवून फेकणारी इंजिनं अमेरिकेने १९६० च्या दशकात जमिनीवर चालवून पाहिली, त्यांचा वायू रासायनिक इंजिनाच्या जवळपास दुप्पट वेगाने निघत होता. १९७३ मध्ये तो प्रकल्प बंद झाला. जपानच्या इकारोस यानाने २०१० मध्ये शिडावर सूर्यप्रकाशाचा दाब घेऊन दाखवला, तिथे इंधन लागतच नाही, पण दाब अतिशय क्षीण. माझं मत असं की या शतकात मंगळाचा प्रवास काही महिन्यांनी आखडेल. ताऱ्यांचं मात्र वेगळं आहे. व्हॉयेजर-१ सप्टेंबर १९७७ पासून धावतंय, सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर. सूर्यानंतरचा सर्वात जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर. या वेगाने तेवढं अंतर कापायला सुमारे ७५ हजार वर्षं लागतील.

मग कथाकाराने काय करावं? माझ्या मते ही अडचण लपवू नये, तिच्यातच गोष्ट आहे. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ची ऑक्सिजनची टाकी फुटली, तेव्हा यान पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरहून जास्त लांब होतं. पडद्यावरच्या यानाने तिथेच गर्रकन वळून घर गाठलं असतं. त्यांना ते शक्य नव्हतं. मागे वळायला प्रचंड वेगबदल हवा होता आणि मुख्य इंजिनावर भरवसा उरला नव्हता. म्हणून तिघे आधी चंद्राकडेच, म्हणजे घरापासून दूर जात राहिले. चंद्राच्या गुरुत्वाकर्षणाने त्यांना पलीकडून वळवून परत पाठवलं. उतरण्यासाठीच्या छोट्या यानाचं इंजिन मोजून-मापून वापरत, थंडीत कुडकुडत ते चार दिवसांनी सुखरूप पोहोचले. घरी यायचं म्हणून आधी घरापासून दूर जावं लागतं, याहून जबरदस्त कथानक कुठलं खोटं इंजिन देईल?

खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार डॉ. जयंत नारळीकर हे डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला झालेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. कथेतलं विज्ञान कसाला लागावं, ही त्यांची धारणा होती. आपल्याकडच्या नव्या लेखकांनी एकदा तरी असा नायक लिहावा, ज्याच्या टाकीत मोजकं इंधन आहे आणि त्याला ते ठाऊक आहे.

## ‘पण आम्हाला याचा काय उपयोग?’

निफाड, दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला विचारा. माल उतरायला आठवडा असताना अवकाळी किंवा गारपीट झाली, तर वर्षाची कमाई जाते. ढगांवर नजर ठेवणारे आपले इन्सॅट मालिकेतले उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात आणि साधारण दर अर्ध्या तासाला चित्र पाठवतात. या मालिकेतला इन्सॅट-३डीएस फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडला गेला. इस्रोच्या २००२ सालच्या हवामान उपग्रहाला पुढच्या वर्षी कल्पना-१ हे नाव दिलं गेलं, ते कल्पना चावलाच्याच स्मरणार्थ.

हे उपग्रह आपल्या डोक्यावर स्थिर उभे असल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात ते सेकंदाला तीन किलोमीटरने धावत असतात. त्या उंचीवर एक फेरी पूर्ण करायला पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याइतकाच वेळ लागतो, म्हणून ते जागचे हललेले दिसत नाहीत. पण सूर्य आणि चंद्र त्यांना सतत ओढत असतात. जागेवर राहण्यासाठी वर्षाला सेकंदामागे ५० मीटरच्या आसपास वेगबदल खर्च करावा लागतो. त्यामुळे कॅमेरे शाबूत असले तरी टाकी रिकामी होत आली की उपग्रहाला निवृत्त करावंच लागतं. तेही टाकी पूर्ण संपायच्या आत. सेकंदाला ११ मीटर वेगबदल होईल एवढं, म्हणजे साधारण तीन महिन्यांचं इंधन शेवटपर्यंत राखून ठेवायचं असतं. त्यावर तो सुमारे ३०० किलोमीटर वर सरकतो आणि नव्या उपग्रहासाठी ती जागा मोकळी करून देतो.